येरवड्याला पाठवणे

मराठीत येरवडा हे गावाचं नाव म्हणून कमी आणि धमकी म्हणून जास्त वापरलं जातं. कुणी विचित्र वागायला लागलं की 'ह्याला येरवड्याला पाठवा'. कुणी पैसे खाताना पकडला गेला की 'बस आता येरवड्यात'. पहिल्या वाक्यातलं येरवडा म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, दुसऱ्यातलं म्हणजे तुरुंग. कुठलं ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

मी लातूर जिल्ह्यातला. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे खोली घेतली आणि घरी पत्ता कळवला, तेव्हा मामाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "आत का बाहेर?" तेव्हापासून हा विनोद मी निदान पन्नास वेळा ऐकला आहे. ऑफिसातही ऐकला, आणि आमचं ऑफिस येरवड्यातच आहे.

पण विनोद सारखा ऐकला की त्यातला प्रश्न दिसायला लागतो. एका शहराने तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ या दोन्ही गोष्टी एकाच उपनगरात का नेऊन ठेवल्या? आणि त्या ठेवल्यावर त्यांच्या आजूबाजूला जी माणसं राहिली, त्यांचं काय झालं? शनिवार-रविवारी वाचत आणि इथल्या गल्ल्यांतून चालत जेवढं समजलं, ते इथे मांडतो आहे.

उतार

मुळा आणि मुठा शिवाजीनगरजवळ संगमावर भेटतात. तिथून मुळा-मुठा या जोडनावाने एकच नदी पूर्वेला निघते आणि बंडगार्डन, मुंढवा, खराडी करत पुढे भीमेला मिळते. नदीच्या दक्षिण काठावर जुनं पुणे आणि कॅम्प. उत्तर काठावर येरवडा. पेठेतल्या माणसाच्या लेखी हे कायमच 'नदीपलीकडे'.

पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायला उतार लागायचा. उतार म्हणजे जिथे पाणी कमी, तळ टणक आणि माणसं, घोडे, गाड्या पार जाऊ शकतील अशी जागा. येरवड्याला असा उतार होता, आणि पुण्याचं राज्य गेलं त्यात या उताराचा मोठा भाग आहे.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, हे आपण शाळेत वाचतो. पण त्या दिवशी पुणं पडलं नाही. इंग्रजांचा जनरल स्मिथ नगरच्या बाजूने फौज घेऊन निघाला आणि १३ नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूला येऊन पोचला. मध्ये नदी. पलीकडे पेशव्यांची फौज. १६ तारखेच्या रात्री इंग्रजांच्या तुकड्यांनी येरवड्याच्या उतारावरून नदी ओलांडली. दुसरा बाजीराव रातोरात पुणं सोडून निघून गेला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. दीड महिन्याने, १ जानेवारी १८१८ ला, याच नदीच्या खोऱ्यात, इथून तीसेक किलोमीटरवर कोरेगाव भीमाची लढाई झाली. आजही ३१ डिसेंबरच्या रात्रीपासून विजयस्तंभाला निघालेली गर्दी येरवड्यावरूनच नगर रोडने पुढे जाते.

म्हणजे इंग्रज पुण्यात आले ते नदीच्या या काठावरून. पुढे त्यांनी या काठाचा जो वापर केला, तो लक्षात घेताना हे आठवावं लागतं.

नको ते पलीकडे

इंग्रजांनी कॅम्प वसवला नदीच्या दक्षिणेला. त्या कॅम्पाला पाणी पाहिजे होतं. म्हणून १८५० च्या सुमारास येरवड्यासमोर नदीवर बंधारा घातला गेला. त्यासाठी मुंबईचे दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभाय यांनी मोठी रक्कम दिली. या बंधाऱ्याशेजारी बाग झाली, ती बंडगार्डन. पुण्यात नवीन आलेल्या मराठी माणसाला वाटतं इथे कुणीतरी बंड केलं असेल. तसं काही नाही. हा 'बंड' म्हणजे आपला बांधच, इंग्रजांच्या तोंडातून फिरून परत आलेला.

मग १८६० च्या दशकाच्या शेवटी बंधाऱ्याजवळ दगडी कमानींचा पूल झाला. मुंबईचा गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाचा. त्याच्या टोकांना सिंहांचे पुतळे आहेत. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, माणसं फिरायला जातात आणि सिंहांसोबत फोटो काढतात. पण या पुलाने येरवड्याचं नशीब बदललं. उतार पावसाळ्यात बंद असायचा, पूल बारा महिने चालू. आता नदीपलीकडची मोकळी जमीन शहराच्या हाताशी आली, तरीही नजरेआड राहिली.

अशी जमीन सरकारला फार आवडते. आधी आलं डेक्कन कॉलेज. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली पाठशाळा वाढत वाढत कॉलेज झाली आणि १८६० च्या दशकात तिची दगडी इमारत नदीपलीकडे उभी राहिली. मग १८७१ साली येरवड्याचा तुरुंग. मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेड्यांचं इस्पितळ, म्हणजे आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय, अडीच हजारांहून जास्त खाटांचं. विद्यार्थ्यांना शांतता पाहिजे म्हणून पलीकडे, कैद्यांना भिंत पाहिजे म्हणून पलीकडे, आणि मनोरुग्णांना कुणी बघू नये म्हणून पलीकडे. कारणं तीन, जागा एकच.

या जवळिकीतून कधीकधी विलक्षण गोष्टी घडल्या. बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात शिकले आणि १८७७ साली इथून बी. ए. झाले. वीस वर्षांनी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली आणि शिक्षेचा शेवटचा काळ त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात काढला. ते आत असतानाच, १८ एप्रिल १८९८ ला, रँडच्या वधासाठी दामोदर चाफेकरांना त्याच तुरुंगात फाशी झाली. वर्षभराने वासुदेव आणि बाळकृष्ण या त्यांच्या भावांनाही. कॉलेजच्या त्या खोलीपासून तुरुंगाच्या कोठडीपर्यंतचं अंतर आज रिक्षाने दहा मिनिटांचंही नाही.

आंब्याचं झाड

गांधीजी येरवड्यात पहिल्यांदा आले ते १९२२ साली, सहा वर्षांची शिक्षा घेऊन. १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी त्यांना पूल ओलांडून ससूनला नेलं आणि तिथूनच पुढे सोडून दिलं. मग ते १९३० साली परत आले, १९३२ साली परत. १९३० साली आश्रमातल्या लोकांना इथून लिहिलेल्या पत्रांवर ते पत्ता टाकायचे 'येरवडा मंदिर'. पेटीत बंद करून नेता येणारा जो चरखा त्या काळात रूढ झाला, त्यालाही देशभर येरवडा चरखा हेच नाव मिळालं. या उपनगराचं नाव धमकी न होता बाहेर गेलं, असं हे एखादंच उदाहरण.

पण येरवड्यात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट १९३२ च्या सप्टेंबरमधली. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला होता. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघांतून मिळणार होत्या, म्हणजे त्या जागांसाठी मत फक्त अस्पृश्यांनी द्यायचं. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचं मत राहणार होतं. गांधीजींनी याविरुद्ध २० सप्टेंबरला तुरुंगात आमरण उपोषण सुरू केलं. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली त्यांची खाट होती. त्या खाटेशेजारी डॉ. आंबेडकर वाटाघाटीला येऊन बसले. २४ सप्टेंबरला करार झाला. त्यावर आंबेडकर, मदनमोहन मालवीय अशांच्या सह्या आहेत. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. २६ तारखेला गांधीजींनी उपोषण सोडलं, तेव्हा रवींद्रनाथ टागोर तिथे होते.

पाठ्यपुस्तकात हा पुणे करार एका परिच्छेदात संपतो. मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मला तो 'तडजोड' या एका शब्दापुरता माहीत होता. येरवड्यात राहायला आल्यावर कळलं की हा शब्द कोण उच्चारतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. तुरुंगाच्या आसपासच्या वस्त्यांत भीमजयंतीला मोठे स्पीकर लागतात, तसे करारावर बोलणारेही भेटतात. एका माणसाचा जीव खाटेवर टांगलेला असताना दुसऱ्या बाजूने किती मोकळेपणाने सही करता येते, हा त्यांचा प्रश्न आहे. आंबेडकरांनी स्वतः पुढे या करारावर कठोर टीका केली. आमच्या गल्लीतल्या चहावाल्याने मला हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. एकाहत्तर आणि एकशे अठ्ठेचाळीस हे आकडे मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकले.

गांधीजींचं येरवडा तिथे संपत नाही. मे १९३३ मध्ये त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं ते टेकडीवरच्या पर्णकुटी या ठाकरसींच्या बंगल्यात. आज त्या भागातला चौक पर्णकुटी चौक म्हणून ओळखला जातो. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत ते नगर रोडवरच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. तिथे पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट १९४२ ला, महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. अलीकडे मेट्रोचा मार्ग आखताना या वास्तूच्या संरक्षित हद्दीमुळे तो नगर रोडवरून हलवून कल्याणीनगरमधून न्यावा लागला.

ज्यांचा फलक नाही

इतकी मोठी नावं झाली की बाकीची माणसं दिसेनाशी होतात. पण तुरुंग भिंतींवर चालत नाही, माणसांवर चालतो. शिपाई, स्वयंपाकी, झाडूवाले, कंपाउंडर. इस्पितळाचंही तसंच. जुने सरकारी अहवाल इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छपाईचं ठिकाण असतं: येरवडा कारागृह मुद्रणालय. सरकारचे हिशेब, तक्ते, नियम कैद्यांच्या हातून छापले जात होते. राज्य चालवायला लागणारा कागद इथून जायचा आणि राज्याला नको असलेली माणसं इथे यायची.

माझे घरमालक काका मनोरुग्णालयात तीस वर्षं परिचर होते. त्यांचे वडील खाणीवर दगड फोडायला सोलापूरकडून आले होते. काका सांगतात, "आम्ही पगार सरकारचा खायचो, पण लग्नकार्यात पाहुणे विचारायचे, तू कामाला आहेस का ॲडमिट आहेस?" काकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर पत्ता छापताना घरात वाद झाला. शेवटी येरवडा हा शब्द गाळून गल्लीचं नाव आणि पुढे 'पुणे ६' एवढंच छापलं. जुन्या पोस्टल पद्धतीने ते बरोबरच होतं. पाहुण्यांना पत्ता सापडला आणि गावाचं नावही लागलं नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. त्या दिवशी पुण्यातले जवळजवळ सगळे पूल पाण्याखाली गेले. उरला तो बंडगार्डनचा. दोन काठांमध्ये ये-जा करायला काही तास शहराला हाच रस्ता होता. ज्या काठाला शहर 'पलीकडे' म्हणत होतं, तिथला पूल त्या दिवशी कामाला आला.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूर भागातून माणसं पुण्यात आली. कामं होती बांधकामाची, खाणीची, हमालीची, धुण्याभांड्याची. येरवड्यात टेकडीचे उतार होते, सरकारी जागेच्या कडा होत्या, आणि कॅम्प, स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ होतं. आधीपासूनच्या वस्त्या फुगल्या, नवीन वसल्या. माझे आजोबा त्या वर्षी गावातच रोजगार हमीची खडी फोडत राहिले, त्यांचा चुलतभाऊ पुण्याला आला. त्यामुळे या वस्त्यांत फिरताना मला परकं वाटत नाही. बोलीच ओळखीची लागते.

इथल्या घरांची एक गोष्ट सगळ्यांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. झोपडपट्टीचं पुनर्वसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावाबाहेरची सात मजली इमारत येते, लिफ्ट बंद पडलेली. २००९ नंतरच्या काही वर्षांत येरवड्याच्या नागपूर चाळ, नेताजीनगर, शीला साळवेनगर अशा वस्त्यांत वेगळं करून बघितलं गेलं. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून पैसा आला, महापालिका, वास्तुरचनाकार आणि महिला मिलनसारख्या संघटना एकत्र आल्या. तत्त्व साधं होतं: जिथे घर आहे तिथेच घर. पक्क्या घरांना हात लावायचा नाही, कच्चं असेल तेच पाडून त्याच जागी २७० चौरस फुटांचं पक्कं घर बांधायचं. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाने द्यायचा, बाकी सरकारने. जागा अपुरी असेल तर वर चढायचं. गल्ली तीच राहिली, शेजार तोच राहिला, शिलाई मशीन त्याच खिडकीशी राहिलं.

काम रखडलं, बिलं अडकली, बांधकाम होईपर्यंत लोकांना भाड्याने राहावं लागलं, हे सगळं झालं. तरी मला या प्रयोगात आमच्या धंद्यातलं एक शहाणपण दिसतं. चालू असलेली सिस्टीम बंद न करता तुकड्या-तुकड्याने दुरुस्त करणं हे सगळं पाडून नव्याने लिहिण्यापेक्षा कटकटीचं असतं, त्यात श्रेय कमी मिळतं, पण वापरणारा माणूस रस्त्यावर येत नाही.

तीन फाटकं

सकाळी साडेनऊला येरवड्यात तीन प्रकारच्या रांगा लागतात. तुरुंगाबाहेर मुलाखतीला आलेल्या नातेवाइकांची. मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची. आणि आयटी पार्कच्या फाटकावर आमची. तिन्हीकडे नाव-गाव लिहितात, बॅग तपासतात आणि मोबाइलवर डोळा ठेवतात. फरक एवढाच की आम्ही संध्याकाळी बाहेर येणार याबद्दल कुणाला शंका नसते.

ज्या रस्त्यावर आयटी पार्क आहे त्याचं नाव सम्राट अशोक पथ. तो जेल रोडला लागून आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काही होतं की नाही, सांगता येत नाही, पण कलिंगानंतर बदललेल्या राजाचं नाव तुरुंगाच्या रस्त्याशेजारी बरं वाटतं.

चहाच्या टपरीवर तिन्ही रांगांतली माणसं भेटतात. जालन्याहून रात्रीच्या एसटीने आलेली एक बाई मला विचारत होती की आत ताजं जेवण मिळतं का. तिचा मुलगा कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असा. आपल्या देशात तुरुंगांतल्या दर चार जणांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी असतात. येरवड्याची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या घरात, आत माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो, घरच्यांसाठी रांग एकच आणि मामाचा विनोदही एकच.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्श गाडीने दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. दोघेही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात आलेले, सॉफ्टवेअर इंजिनीअर. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. त्याला काही तासांत जामीन मिळाला तेव्हा एक अट होती, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. त्यावर देशभर संताप झाला, मग त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, पुढे उच्च न्यायालयाने सोडलं. पोलीस ठाणं येरवडा, निरीक्षणगृह येरवडा. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आम्हीही त्याच वेळी त्याच रस्त्यांवरून घरी जातो.

तेव्हा पहिल्यांदा मला मामाच्या विनोदातली गंमत संपल्यासारखी वाटली. 'येरवड्याला पाठवा' म्हणताना आपण गृहीत धरतो की कुणाला पाठवायचं हे ठरवणारं माप सगळ्यांसाठी सारखं आहे. ज्यांची माणसं रांगेत उभी असतात त्यांनी असं कधी गृहीत धरलेलं नाही.

आता हवासा काठ

दीडशे वर्षं नदीपलीकडे ढकलण्यात गेली. आता वारं फिरलं आहे. येरवड्यातून विमानतळ जवळ, स्टेशन जवळ. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येरवडा स्टेशन उघडलं. काठावरच्या इमारतींच्या जाहिरातींत नदी दिसते, निळीशार. प्रत्यक्षात उन्हाळ्यात ती जलपर्णीने हिरवी असते, आणि संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात इतके डास असतात. शहराचं मैलापाणी पूर्ण शुद्ध न होता नदीत येतं, त्याचं हे फळ. तरीही कल्याणीनगरच्या काठाला झाडी टिकून आहे. पक्षी बघणारे त्या पट्ट्याला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात आणि पहाटे दुर्बिणी घेऊन येतात.

या काठावर आता महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे. पुण्यातल्या नद्यांचे मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठ, साबरमतीच्या धर्तीवर. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं आणि सुरुवातीच्या कामांत संगमवाडी ते बंडगार्डन आणि बंडगार्डन ते मुंढवा हे टप्पे आहेत, म्हणजे नेमकं येरवड्याचं पात्र. बाजूने बोलणारे सांगतात की काठ स्वच्छ होतील, फिरायला जागा मिळेल. विरोध करणारे म्हणतात की आधी मैलापाणी थांबवा, झाडं तोडू नका, आणि पुराचं पाणी पसरायची जागा बांधकामाने अडवू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात झाडांसाठी पुण्यात 'चिपको'च्या नावाने मोर्चाही निघाला.

मला फिरायला जागा हवी आहे. एका खोलीत चौघं राहणाऱ्या कुणालाही हवी असते. पण जुलैमध्ये काठाशेजारच्या शांतीनगर, इंदिरानगरातली माणसं मोबाइलवर काय बघतात ते मी पाहिलं आहे. खडकवासल्याचा विसर्ग. आकडा क्युसेकमध्ये येतो, दर काही तासांनी ग्रुपवर पडतो. तो वीस हजारांच्या पुढे गेला की गॅसची शेगडी माळ्यावर चढते, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जातं आणि मुलं शाळेत झोपायला जातात. नदीला पसरायला मोकळी जागा लागते. ती नसेल तर पाणी सगळ्यात खाली कोण राहतं ते शोधतं. खालचे लोक काठावर हौसेने राहायला आले नव्हते. दुसरीकडे कुठे जागा नव्हती म्हणून आले. उद्या काठ सुंदर झाला आणि पूररेषेचं कारण पुढे आलं, तर ते आणखी पलीकडे जातील. नागपूर चाळीत लोकांना न हलवता घरं बांधता येतात हे याच येरवड्याने दाखवलं आहे, मग काठावरच्यांना दूर पाठवण्याआधी तो अनुभव टेबलावर ठेवला गेला पाहिजे.

पाठवणं ही या जागेची जुनी गोष्ट आहे. आधी शहराने नको ती माणसं इथे पाठवली. आता जागा हवीशी झाली, तर आधी आलेल्यांना इथून पाठवायची वेळ येऊ नये.

जाहिरातींत येरवडा हा शब्द कमी दिसतो. इमारत कल्याणीनगरला 'लागून' असते, विमानतळापासून 'मिनिटांवर' असते. खरेदीखतावर मात्र तलाठ्याच्या दप्तरातलं नाव येतं, मौजे येरवडा, आणि पिन कोड येतो ४११००६. तोच तुरुंगाचा, तोच मनोरुग्णालयाचा, तोच कल्याणीनगरचा. काकांच्या मुलीच्या पत्रिकेवरचं 'पुणे ६' तेच. नदीकाठच्या बाराव्या मजल्यावरच्या कुटुंबाचं वीजबिल आणि आतल्या मुलाला आईने पाठवलेलं पत्र एकाच पोस्टातून वाटलं जातं.

गेल्या दिवाळीत मामा पुण्याला आला होता. त्याला मेट्रोने बंडगार्डनहून येरवड्याला आणलं. नदीवरून जाताना त्याने खाली बघून विचारलं, "ही कुठली नदी?" मी सांगितलं. तो दुष्काळी गावचा माणूस, पाणी बघितलं की आधी खोली विचारतो. "इथून पूर्वी चालत पार जाता यायचं," मी म्हटलं. येरवडा स्टेशनला दार उघडलं, लोक उतरले, आम्हीही उतरलो. त्या दिवशी त्याने आत का बाहेर विचारलं नाही. इथे घरांचं भाडं किती पडतं, ते विचारलं.